रजेचे घर

बडोद्यातील जुन्या मराठी कुटुंबांना दोन घरे असावयाची, ही काही नवलाची गोष्ट नव्हे. एक दांडिया बाजारात किंवा रावपुऱ्यात, नोकरीच्या सोयीचे. दुसरे मूळ गावी, नाहीतर नर्मदाकाठी एखाद्या क्षेत्री. सरदार-मानकऱ्यांची गोष्ट वेगळी. त्यांना गावे इनाम होती, घरे मोजण्याचे त्यांना कारण नव्हते. पण साधे कारकून, वैद्य, पुराणिक, गवई हेही पोटाला चिमटा काढून दोन खोल्या आणि एक पडवी एवढे तरी काठावर बांधीत. आमचे असे घर चांदोदला आहे. आजोबा त्याला 'रजेचे घर' म्हणत, आणि तेच नाव आजतागायत चालत आले आहे.

रजा या शब्दाला आमच्या घरात वजन होते. आजोबा बडोदे दरबारच्या कलावंत कारखान्यात गवई होते. कारखाना म्हटल्यावर आजच्या वाचकांच्या डोळ्यांपुढे धुराडे आणि भोंगा येईल. तेव्हा कारखाना म्हणजे खाते. सयाजीराव महाराजांनी या खात्याला लेखी नियम घालून दिले होते. हजेरी कशी, रजा कशी मागावयाची, चुकल्यास दंड काय, सारे त्यात आले. 1886 साली मौलाबक्षांच्या हाती गायनशाळा सोपवून ज्यांनी गाण्याला वर्ग आणि वेळापत्रक दिले, त्या महाराजांना गवयांच्या लहरीपणाचे कौतुक नसावे, यात आश्चर्य नाही. कित्येक कलावंतांना हा जाच वाटे. आजोबांना वाटत नसे. ते म्हणत, नियम आहेत म्हणून रजा मागता येते. लहरीच्या दरबारात नुसती मेहरबानी मागावी लागते.

त्यांचे मोडीतील दोन-तीन रजेचे अर्ज आमच्या ट्रंकेत अजून आहेत. कारणाच्या जागी हरएक अर्जात 'चांदोद येथे श्राद्धकर्म' असे आहे. चांदोदला ओरसंग नर्मदेला मिळते, गुप्त सरस्वतीही तेथेच मिळते असे मानतात, आणि श्राद्धासाठी तेथे माणसांची रीघ असते. तेव्हा कारण खोटे म्हणता यावयाचे नाही. पण एका वर्षात आजोबांनी किती पितर तृप्त केले हे मोजू गेल्यास आमचे घराणे फारच मोठे निघते.

1 मे 1949 रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, तेव्हा वडील चौदा वर्षांचे होते आणि आजोबांच्या मागे तंबोऱ्यावर बसत. खाते गेले, पण राजघराण्याने जुने काही लोक सांभाळले. पुढे राजवाड्यातील गणपतीपुढच्या आणि सणावाराच्या गाण्यासाठी वडिलांची नेमणूक झाली. 1971 साली संस्थानिकांचे तनखे बंद झाले, त्याबरोबर तीही संपली. त्यानंतर चाळीस वर्षे त्यांनी शिकवण्या केल्या. परंतु कोणी विचारल्यास ते स्वतःला दरबारचे गवईच म्हणवीत. मी त्यांचे शेंडेफळ, त्यांच्या पंचेचाळिसाव्या वर्षीचा. दरबार मी पाहिला तो तिकीट काढून, लक्ष्मीविलास राजवाडा पाहावयास येणाऱ्या लोकांच्या रांगेत.

आता माझा आठवडा. मी बडोद्यात एका शाळेत संगीतशिक्षक आहे. सोमवार ते गुरुवार शाळा आणि संध्याकाळी घरी शिकवण्या, शुक्रवारी नुसती शाळा. शुक्रवारी शाळा सुटली की प्रतापनगर स्टेशन गाठावयाचे, आणि डभोईवरून चांदोद. अंतर पन्नासएक किलोमीटर. पण घरापासून घरापर्यंत, रिक्षा आणि वाट पाहणे धरून, दोन तास सहज जातात. रविवारची रात्र तेथे काढून सोमवारी पहाटेच्या एस.टी.ने परत. वर्षाचा हिशेब केला तर पावणेदोनशे-दोनशे तास मी या रस्त्यावर असतो. एवढ्या वेळात एखादा राग नीट बसला असता, असे आमची सौ. म्हणते. ती बडोद्यातच राहते. मुलीचे बारावीचे वर्ष आहे.

आजोबांच्या वेळी हा प्रवास छोट्या गाडीने होई. 1862 साली डभोई ते मियागाम या मार्गावर अडीच फुटी रुळांवरून बैलांनी ओढलेले डबे धावले. हिंदुस्थानातील अरुंद रुळांची ती पहिली गाडी. पुढे बैल गेले, इंजिने आली, आणि एक फाटा चांदोदपर्यंत गेला. माझ्या लहानपणी ती गाडी होती आणि आम्ही तिला नावे ठेवीत असू. आता ते रूळ रुंद झाले, आणि जानेवारी 2021 पासून चांदोदवरून पुढे थेट एकतानगरपर्यंत, म्हणजे सरदार सरोवर धरणाच्या आणि सरदारांच्या पुतळ्याच्या पायथ्यापर्यंत गाडी जाते. गाडी झकास आहे. फक्त तंबोरा घेऊन चढले की डब्यातले कोणीतरी विचारतेच, "सितार छे?" मी म्हणतो, "तंबूरो." मग पुढची फर्माईश ठरलेली, "तो वगाडी बतावो ने." नुसता तंबोरा वाजवून दाखवला तर माणसे थोडा वेळ वाट पाहतात, आता गाणे सुरू होईल म्हणून, आणि मग सभ्यपणे खिडकीबाहेर पाहू लागतात.

अर्थात तंबोरा नेण्याचा प्रसंग क्वचितच येतो. वडिलांनी 1964 साली मिरजेहून तंबोऱ्यांची एक जोडी आणली होती, एकाच कारागिराने एकाच हंगामात केलेली. जोडी दोन्ही अंगांना घेऊन गावे, मधे आपण बसावे, म्हणजे काय होते हे गाणाऱ्यांना सांगावयास नको. 2011 साली वडील गेले. आई चांदोदलाच राहीन म्हणाली, माझी नोकरी बडोद्यात, आणि दर आठवड्याला चार हातांचे ओझे वाहणे अशक्य. तेव्हा जोडी फुटली. एक तंबोरा दांडिया बाजारात आणि एक नदीकाठी. दोघे एकाच स्वरात लागत. आता त्यांना एकत्र लावावयाचे झाल्यास मला अर्धा दिवस लागेल. बडोद्याचा पंख्याखाली, कोरड्या भिंतीशी राहतो. त्याच्या खुंट्या वैशाखात सैल पडतात, खडू लावल्याखेरीज ठरत नाहीत. चांदोदचा आषाढात असा फुगतो की खुंटी फिरवताना मोडेल अशी भीती वाटते. आणि लावून ठेवला तरी नदीवरचा वारा फिरला की अर्ध्या तासात जोडीच्या तारा वेगवेगळे बोलू लागतात. मग घोडीवरचा दोरा सरकवा, जवारी पाहा, पुन्हा लावा.

माणसाचेही तसेच होते. शुक्रवारी रात्री चांदोदला पोचलो तरी कानात शहर असते. शनिवारी पहाटे खर्ज लावावयास बसतो, तेव्हा पहिला तासभर गळा बडोद्याच्याच घाईत असतो, षड्ज लागतो पण टिकत नाही. नऊच्या सुमारास कोठे आवाज खाली बसतो. सोमवारी उलट. शाळेत पहिल्या तासाला मी इतका संथ बोलतो की पाचवीतली मुले एकमेकांकडे पाहतात. त्यामुळे दोन दिवस सुट्टी मिळते ती प्रत्यक्षात दीडच दिवसाची, आणि आठवड्याचे नोकरीचे दिवस भरतात ते साडेचार. शाळेच्या हजेरीपटावर मात्र पाच.

दोन घरांच्या संसारातल्या बाकीच्या अडचणी सर्वांच्या ओळखीच्या आहेत. चष्मा, औषध, वीजबिल, जे हवे ते दुसऱ्या घरी असते. तेव्हा माणूस हळूहळू सगळ्या वस्तू दोन-दोन घेतो. तथापि दोन घेता येत नाही अशी एक वस्तू आमच्याकडे आहे, वडिलांची चिजांची वही. ती माझ्या खांद्यावरच्या झोळीतून दर आठवड्याला जाते आणि येते. एका विद्यार्थ्याने तिची सारी पाने फोनमध्ये उतरवून दिली. शाईची अक्षरे छान आली आहेत. पण वडिलांनी पेन्सिलीने मात्रांवर केलेल्या खुणा अशा पुसट आल्या आहेत की असून नसून सारख्या; आणि चीज कशी म्हणावयाची ते त्या खुणांत आहे. वही फिरतेच आहे.

कुळाचाराचे मात्र आजोबांनीच ठरवून टाकलेले होते. दरबारची हजेरी चुकवता येत नसल्यामुळे गणपती बडोद्यात, नवरात्राचा घट चांदोदला. ही वाटणी माझ्याही पथ्यावर पडली. नवरात्रात बडोद्यात गरबा. मुले मध्यरात्रीपर्यंत मैदानावर, आणि संध्याकाळच्या शिकवणीला येतो तो फक्त ज्याच्या आईने हाताला धरून आणला तो. मी नऊ दिवस शिकवण्या बंद ठेवतो आणि शाळेची रजा टाकून चांदोदला जातो. कारणाच्या जागी 'कुलधर्म' लिहितो. तेही खोटे नाही.

चांदोदला आई काय करते, असे बडोद्यातील नातेवाईक विचारतात. ऐंशी ओलांडलेली बाई एकटी काय करणार? ती सकाळी घाटाच्या वरच्या पायरीपर्यंत जाऊन येते. हिंचक्यावर बसून निवडणे-टिपणे करते. आणि मार्गशीर्ष-पौषात परिक्रमावासी येऊ लागले की तिला फुरसत नसते. ओंकारेश्वराहून कार्तिकात निघालेली ही मंडळी दक्षिण तटाने समुद्रापर्यंत जातात, होडीने खाडी ओलांडतात आणि उत्तर तटाने वर येतात. चांदोद त्यांना या परतीच्या बाजूला लागते. अलीकडे त्यांत महाराष्ट्रातील माणसे फार. पुढे गरुडेश्वरला टेंबेस्वामींची समाधी, म्हणून तर अधिकच. पडवीतून "नर्मदे हर" अशी हाक येते, आई शुद्ध मराठीत विचारते, "कुठले तुम्ही?" आणि दारातला माणूस चकित होतो. शिधा द्यावयाची पद्धत आजीपासूनची आहे. पीठ, डाळ, गूळ, मीठ. पुण्याचे, सांगलीचे, नाशिकचे लोक आईला आपल्या गावाच्या बातम्या सांगतात. आणि जेथे ती कधी गेली नाही तेथल्या पावसापाण्याची माहिती ती मला शनिवारी देते.

आईला बडोद्यास आणावे, हे मी मनापासून करून पाहिले आहे. आमचे घर तिसऱ्या मजल्यावर आहे, जिना उभा आहे, लिफ्ट नाही. एकदा वर आली की ती दिवाळी होईपर्यंत खाली उतरत नाही. "तुझ्याकडे मला काही कमी नाही," ती म्हणाली, "पण इथे मी बसलेलीच असते रे."

हे सारे असेच चालले असते. पण 2017 साली धरणाचे काम पुरे झाल्यापासून नदीचा स्वभाव पालटला आहे. उन्हाळ्यात पात्र मागे सरते, मल्हारराव घाटाच्या खाली पूर्वी न दिसणारे खडक दिसतात. उलट पावसाळ्यात पूर वरच्या दरवाज्यांच्या हिशेबाने येतो. 17 सप्टेंबर 2023, रविवार. धरण भरले होते, वर मध्य प्रदेशात पाऊस कोसळत होता, आणि सुमारे 18 लाख क्यूसेक पाणी खाली सोडले गेले. घाट बुडाला, बाजारात पाणी आले, करनाळी, भरूच, अंकलेश्वर सगळीकडे हाहाकार झाला. मंगळवारी गणेशचतुर्थी होती. गणेशोत्सवातल्या कार्यक्रमाची तालीम असल्यामुळे मी त्या आठवड्यात बडोद्यातच होतो, आणि आई सोमवारी यावयाची होती.

रविवारी संध्याकाळी तिचा फोन आला तो एवढाच: "पाणी पडवीच्या पायरीला आहे. मी वरच्या आळीत जाते आहे. तंबोरा माळ्यावर ठेवला." शेजारचा नावाडी आपली होडी वर बांधून आमच्याकडे धावला होता. आईने त्याला आधी तंबोरा शिडीवरून माळ्यावर चढवावयास सांगितले, मग तांदळाचा डबा, मग ती निघाली. हा क्रम ऐकून दादा फोनवर माझ्यावरच ओरडला, जणू मीच तिला तो घालून दिला होता. पाणी पडवीत गुडघाभर चढून दुसऱ्या दिवशी उतरू लागले. रस्ता बंद, वीज नाही, फोन नाही. त्या वर्षी प्रथमच आमचा गणपती आईवाचून बसला. आरतीला तिचा आवाज नव्हता, आणि आमच्या घरात आरतीची पट्टी तीच धरते. आम्ही कोणी एकाने एक, कोणी दुसरी, अशी आरती उरकली. मी गेलो तो शुक्रवारी. पुढले तीन दिवस मी, नावाडी आणि त्याची माणसे फावड्याने गाळ काढीत होतो. नर्मदेचा गाळ लोण्यासारखा मऊ असतो. भिंतीवर तो जेथवर पोचला ती रेघ अजून आहे.

यानंतर घराच्या विक्रीचा विषय निघाला, तो योग्यच निघाला असे म्हणावे लागेल. दादा पुण्याला आहे, ताई इंदूरला. घर वडिलांच्या नावावर होते, आता आमच्या सर्वांचे. 2018 साली पुतळ्याचे अनावरण झाल्यापासून या बाजूस प्रवासी वाढले, गाडी आल्यावर आणखी. आणि नदीकडे तोंड असलेल्या जुन्या घरांना गिऱ्हाइके येऊ लागली. एका शनिवारी एक दलाल आमच्या पडवीची लांबी पावलांनी मोजून गेला. त्याला तेथे प्रवाशांसाठी खोल्या काढावयाच्या आहेत. बोलणे गोड, पैसे बरे. दादाचे म्हणणे असे: "पुढच्या पुरात आईला कोण उचलणार? नावाडी प्रत्येक वेळी घरी असेल का?" याला माझ्यापाशी तयार उत्तर नव्हते. त्याने आणि ताईने संमतीपत्रावर सह्या केल्या. आई म्हणाली, "धाकटा करील तेव्हा मी करीन." कागद माझ्याकडे आला.

दरम्यान तंबोऱ्याने एक निराळेच काम करून ठेवले होते. गाळ उपसून झाल्यावर तो माळ्यावरून उतरवला, तेव्हा नावाड्याची मुलगी तेथे उभी होती. सातवीत होती. तिने कोणाला न विचारता तारांवरून बोट फिरवले आणि म्हणाली, "आ बे सरखा नथी." मधल्या दोन तारा सारख्या नाहीत, हे तिला ऐकू आले. माळ्यावर तीन दिवस ओल खाल्लेल्या तंबोऱ्याच्या जोडीच्या तारांत फार थोडा फरक होता. माझ्या बडोद्याच्या विद्यार्थ्यांपैकी तो किती जणांना कळला असता, हे मी येथे लिहीत नाही; त्यांचे पालक हे पान वाचतात.

तेव्हापासून ती शनिवार-रविवार शिकावयास येते. तिच्या घरात गाणे आहेच. गुजरातीतले गरबीकार दयाराम 1777 साली याच चांदोदला जन्मले, आणि त्यांच्या गरब्या तेथल्या बायकांच्या तोंडी अजून आहेत. हिच्या आजीला कित्येक येतात. त्यांपैकी एकीत कोमल गांधार येतो, जरा चढाच. भीमपलासात मी तिला तो खाली मागितला, तिने खाली दिला. पुन्हा गरबी म्हणावयास सांगितली, तर आजीचा गांधार जागच्या जागी. दोन गांधार दोन ठिकाणचे, हे तिला मी सांगितलेले नाही.

बडोद्यात माझी मुले फोनमधल्या तंबोऱ्यावर गातात. त्याला मी नावे ठेवीत नाही, मीही प्रवासात तोच वापरतो. तो कधी उतरत नाही, आणि म्हणून उतरलेला तंबोरा ऐकण्याची पाळी मुलांवर येत नाही. चांदोदचा दर अर्ध्या तासाने उतरतो. या मुलीने दोन वर्षांत तो इतक्या वेळा लावला आहे की आता मी नुसता बसून असतो. बडोद्याला येऊन शिकणे तिला शक्य नाही: शाळा, घरकाम, भाडे, आणि संध्याकाळी परत पोचण्याची अडचण. तिचे शिकणे त्या घराच्या पडवीत होते, आणि तंबोरा तेथे आहे तोवर होईल. ती आता नववीत आहे. येत्या नोव्हेंबर-डिसेंबरच्या सत्रात गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रवेशिका प्रथमला तिला बसवावयाचे आहे.

मागच्या आठवड्यात मी दादाला फोन केला. म्हटले, परीक्षा होईपर्यंत माझी सही मागू नकोस. तो रागावला नाही. थोडा वेळ गप्प बसून म्हणाला, "आणि पावसाळा? तो परीक्षेच्या आधी येतो."

त्याचे बरोबर होते, म्हणून दुसऱ्या दिवशी गावातल्या सुताराला निरोप धाडला. माळ्यावर जावयास आमच्याकडे शिडी आहे, आणि आईला शिडी चढता येत नाही. शिडी काढून तेथे रुंद पायऱ्यांचा, दोन्ही बाजूंना कठडा असलेला लाकडी जिना बसवावयाचा, आणि वर एक खाट, पाण्याचे दोन पिंप, एक स्टोव्ह कायमचा ठेवावयाचा, असा बेत आहे. आईचा आक्षेप एकच, जिन्याने हिंचक्याची जागा जाऊ नये. सुतार येत्या शनिवारी माप घ्यावयास येणार आहे.